एकक आणि संदर्भ
(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, म्हसळा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी फोनवर सांगितलं, 'संशोधनाच्या पद्धती'. पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग आपला सेक्रेटरी हळूच म्हणाला, "अरे, जेवण एकला आहे. तुझं साडेबाराला आटपेल ना?" आटपेल. पण विषय बदलणार नाही, कारण मला दुसरं काही येत नाही. १९८२ ला आपण दहावी झालो. पुढे शिकून मी १९८९ पासून चौदा वर्षं मुंबईत बाजार-संशोधनाच्या कंपन्यांत काढली आणि नंतर एकवीस वर्षं एका महाविद्यालयात हाच विषय मुलांना शिकवला. आणि खरं सांगायचं तर हा विषय मी मुंबईत शिकलो नाही. इथेच शिकलो, याच पत्र्याखाली.

गणिताचे आपले सर आज आपल्यात नाहीत. त्यांचं एक वाक्य तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. गणित अगदी बरोबर सोडवलेलं असायचं, उत्तर बरोबर असायचं, आणि सर लाल शाईने भोपळा द्यायचे. का? एकक लिहिलं नाही म्हणून. "बारा काय? बारा आंबे, की बारा माणसं?" असं विचारायचे. आणि मराठीच्या बाई, ज्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांच्या पेपरात हमखास प्रश्न असायचा : 'कोण कोणास म्हणाले? संदर्भासह स्पष्टीकरण करा.' वाक्य नुसतं ओळखून भागायचं नाही. ते कोणी म्हटलं, कोणाला म्हटलं, कुठल्या प्रसंगी म्हटलं, हे लिहिलं तरच चार गुण.

पस्तीस वर्षं काम केल्यावर मी ठामपणे सांगतो की जगातलं सगळं संशोधन या दोन प्रश्नांत बसतं. पहिल्याला पुस्तकात संख्यात्मक पद्धत म्हणतात : किती, किती टक्के, किती वेळा. दुसऱ्याला गुणात्मक पद्धत म्हणतात : काय, का, कसं, कोणाच्या तोंडून. विद्यापीठांत या दोन पद्धतींच्या लोकांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. आकडेवाले म्हणतात, तुम्ही चार माणसांशी गप्पा मारता आणि त्याला संशोधन म्हणता. मुलाखतीवाले म्हणतात, तुम्ही माणसांच्या टक्केवाऱ्या करता आणि माणूस बघतच नाही. कंपन्यांमध्येही तेच. मला दोघांचं खरं वाटतं, आणि ते का वाटतं हे एका चुकीवरून सांगतो. चूक माझीच आहे.

साल १९९२. मी नोकरीत तसा नवीन. ग्रामीण भागात लोक काय खरेदी करतात याचं एक सर्वेक्षण निघालं आणि दक्षिण रायगडचा भाग माझ्याकडे आला. म्हसळा, श्रीवर्धन, माणगाव. मला केवढा आनंद! आपल्याच गावात साहेब होऊन आलो होतो. हाताखाली चार मुलं, काखेत प्रश्नावल्यांचे गठ्ठे. नियम साधा होता : गावात एका टोकापासून सुरुवात करायची, दर पाचवं घर घ्यायचं. घर बंद असेल तर त्याच्या शेजारचं उघडं घर घ्यायचं. मार्च महिना होता. दहा दिवसांत काम संपलं. अहवालात निष्कर्ष आला की या भागात घरटी माणसं कमी, बरीचशी वयस्कर, खर्च बेताचा, टिकाऊ वस्तूंना फारसं गिऱ्हाईक नाही.

जाताना बाजारपेठेतल्या एका जुन्या दुकानदारांना भेटायला गेलो. चाचा म्हणायचो आपण सगळे त्यांना. मी मोठ्या ऐटीत निष्कर्ष सांगितला. ते हसायला लागले. म्हणाले, "तू मार्चात आलास बेटा. गणपतीत ये, मे महिन्यात ये, नाहीतर ईदला ये. माझ्याकडे मिक्सर उरत नाही. आणि बंद घरं सोडून दिलीस? अरे, पैसा त्याच घरांचा आहे."

तुम्हाला हे समजावून सांगायला नको. आपल्या तालुक्यात कुलूप लावलेलं घर म्हणजे रिकामं घर नव्हे. त्या घराचा कर्ता मुंबईला आहे, नाहीतर आखातात आहे. तो पैसे पाठवतो, घर बांधतो, वर्षातून एकदा येतो आणि वर्षाची खरेदी करून जातो. मी 'बंद असेल तर शेजारचं घ्या' या एका ओळीने आपल्या तालुक्याची निम्मी गोष्ट पुसून टाकली होती. बेरीज बरोबर होती, टक्केवारी बरोबर होती. मी या गावात वाढलेला मुलगा, मला हे ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंच. पण हातात छापील कागद आला की माणूस स्वतःला ठाऊक असलेलं विसरतो, हे त्या दिवशी मला कळलं.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. नमुना पाहणीचं सगळं शास्त्र या म्हणीत आहे. सगळा भात खाऊन बघावा लागत नाही. चारशे घरं नीट निवडली, तर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा आपली टक्केवारी खऱ्या आकड्याच्या पाच अंक इकडे-तिकडे येते. ती चूक निम्म्यावर आणायची तर चौपट, म्हणजे सोळाशे घरं लागतात. आणि गंमत अशी की तालुक्यासाठी चारशे लागतात तसे राज्यासाठीही साधारण चारशेच लागतात. भांडं मोठं झालं म्हणून शितं जास्त लागत नाहीत. पण स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही विचारा, त्यात एक अट आहे. भात आधी ढवळलेला पाहिजे. वरवरचं शीत काढून तळाचा भात शिजला की नाही हे सांगता येत नाही. मी वरवरची शितं काढली होती. मग चारशे काढा नाहीतर चार हजार, उत्तर चुकीचंच येणार, फक्त जास्त आत्मविश्वासाने येणार.

आकडा खरा असूनही अर्थ चुकतो याचं मोठं उदाहरण आपल्या शेजारी आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. नुसता आकडा बघणारा म्हणेल, वा, मुलींना किती मान! पण त्याच जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९६ हजार होती ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. वाढायच्या ऐवजी घटली. हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि एखाद्या आजींजवळ ओटीवर बसलं की अर्थ लागतो : तरणे पुरुष मुंबईला, बायका शेतावर आणि म्हाताऱ्यांच्या उशाशी. आकड्याने 'किती' सांगितलं. 'का' सांगितलं आजींनी.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे आकडे खोटे, माणसांचं बोलणं खरं. तसं अजिबात नाही. माणसं विसरतात, माणसं लाजतात, माणसं चांगलं दिसावं म्हणून बोलतात. बाजार-संशोधनात आम्ही घरोघर जाऊन कुठला साबण वापरता असं विचारायचो. बाई नाव सांगायची ते टीव्हीवरच्या महागड्या साबणाचं. मग आम्ही विनंती करायचो, जरा मोरीपर्यंत येऊ का? मोरीवर दुसरीच वडी असायची. त्या बाईला खोटं बोलायचं नसतं. दारात आलेल्या परक्या माणसासमोर तिला घराची अब्रू राखायची असते. म्हणून ऐकायचं, पण बघायचंही, आणि मोजायचंही.

आणि काही गोष्टी अशा असतात की त्या कोणाच्याच आठवणीत मावत नाहीत, त्या फक्त मोजून कळतात. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी शंभर वर्षांपूर्वी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला. १९१७ साली तो पुस्तकरूपाने आला. आज तिथे उंच इमारती आहेत, तेव्हा साधं खेडं होतं. त्यांनी जुनी दप्तरं काढली, एकेका शेताची नोंद तपासली. त्यातून दिसलं की १७७१ मध्ये खातेदारामागे सरासरी ४० एकर असलेली जमीन १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, तीही तुकड्यातुकड्यांत. गावातल्या कोणाही माणसाला विचारलं असतं तर त्याने एवढंच सांगितलं असतं की आमच्या आजोबांकडे जमीन जास्त होती. दीडशे वर्षांची घसरण एका माणसाच्या नजरेत येत नाही. तिथे दप्तर लागतं, बेरीज लागते.

दोन्ही कामं एकाच माणसाने केल्याची उदाहरणं आपल्या मराठी मुलखात आहेत. इरावती कर्वे बर्लिनला शिकल्या त्या मानवी कवट्यांची मापं घेण्याचं शास्त्र. नंतर डेक्कन कॉलेजमध्ये असताना त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून मापंही घेतली. पण त्याच बाई वारकऱ्यांबरोबर पंढरपूरच्या वाटेने चालल्या, नात्यांचे शब्द गोळा केले, कोणाला काय हाक मारतात हे लिहून घेतलं, आणि त्यातून भारतातल्या कुटुंबव्यवस्थेवरचा १९५३ चा ग्रंथ उभा राहिला. एका हातात मोजपट्टी, दुसऱ्या हातात वही.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग तिथे गेले तेव्हा खेड्यातल्या स्त्रियांच्या आरोग्याचा विषय म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच समज जगभर होता. राणीताईंनी बायकांचं बोलणं ऐकलं. त्या आपल्या दुखण्यांना काय म्हणतात, कशाला आजार मानतात, काय कोणाला सांगत नाहीत. त्यांच्या पुस्तकाचं नावच 'कानोसा' आहे. पण नुसत्या कानोशावर ते थांबले नाहीत. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग असल्याचं दिसलं. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगाला आपलं धोरण तपासावं लागलं. बायका आपसांत बोलत होत्या तेव्हा ते 'बायकांचं दुखणं' होतं. ९२ म्हटल्यावर तो प्रश्न झाला. उलट, आधी कान दिला नसता तर मोजायला काय घ्यायचं हेच कळलं नसतं.

त्यांचीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झालाय का हे श्वास मोजून कळतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाले की धोका. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? शहाणा माणूस म्हणाला असता, दाई कामाची नाही. तिथे त्यांनी एक साधं यंत्र बनवलं. मिनिटाची वाळू असलेलं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर औषध सुरू. दाईला काय येतं हे आधी बघितलं, आणि मग तिला जमेल असं मोजमाप तयार केलं. पुढे घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग ३९ गावांत झाला, तुलनेसाठी दुसरी गावं ठेवली, आणि १९९९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेची गावं नसती तर कोणीही म्हणालं असतं, तसेही कमी झालेच असते.

आता घराजवळ येऊ. ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. तारीख सांगायची गरज नाही, आपल्यापैकी प्रत्येकाचं काही ना काही त्या दिवशी उडालं किंवा पडलं. माझ्या मामाची दिवेआगरला वाडी. बारा गुंठे. आजोबांनी लावलेली सुपारी, मधे नारळ, सुपारीवर चढवलेले मिरीचे वेल, खाली सावलीत जायफळ. दुपारपर्यंत सगळं आडवं. लॉकडाऊन होता, मला जाता येईना. आठ दिवसांनी फोन लागला.

वादळानंतर सरकारने मदत वाढवली. बागायतीला हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाले. ऐकायला बरं वाटतं. पण सरांचं एकक आठवा. हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. बारा गुंठ्यांचे झाले सहा हजार. आपल्या किनाऱ्यावर वाड्या गुंठ्यांत मोजतात आणि त्यातलं उत्पन्न झाडांत मोजतात. हेक्टर हे एकक देशावरच्या उसासाठी ठीक आहे. दिवेआगरच्या दाट वाडीला ते लागूच पडत नाही. बागायतदारांनी हेच पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि नंतर नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला झाडामागे ५० रुपये असा हिशेब आला. दोनशे सुपारी आणि पंधरा नारळ पडले असं धरा. दहा हजार आणि पावणेचार हजार, मिळून पावणेचौदा हजार. तेच वादळ, तीच वाडी. एकक बदललं आणि आकडा दुपटीच्या वर गेला. जगातली कुठलीही मोठी आकडेमोड न करता, फक्त लोकांचं म्हणणं ऐकून.

पण मामा त्यावर काय म्हणाला ते ऐका. म्हणाला, "झाडं मोजलीस ते बरं केलंस. पण सुपारी गेली म्हणजे सावली गेली. आता जायफळ उन्हात करपणार, मिरीला चढायला खांब नाही. नवीन रोप फळायला सहा-सात वर्षं. मी आता अठ्ठ्याहत्तरचा. ते कुठल्या रकान्यात लिहू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण एवढं कळलं की प्रत्येक तक्त्याच्या शेवटी एक मोकळा रकाना ठेवायला हवा, आणि तो कोणीतरी वाचायला हवा. तुमच्यापैकी जे शेतीत आहेत त्यांना पैसेवारी ठाऊक आहे. आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग पीक कापणीच्या प्रयोगानंतर अंतिम. पूर्वी ती पन्नास पैशांच्या खाली गेली तर दुष्काळ, वर राहिली तर नाही, असा हिशेब होता. कोणाच्या तरी नजरेने पाहिलेलं शेत शेवटी एका आकड्यात यायचं, आणि त्या आकड्यावर कर्जवसुली थांबायची किंवा सुरू राहायची. नजर, कापणी आणि आकडा, तिन्ही लागतात. एकावर विसंबलं की शेतकरी मरतो.

मित्रहो, इथपर्यंत मी जगाचं सांगितलं. आता शेवटची दहा मिनिटं आपल्याबद्दल बोलतो, आणि थोडं कडू बोललो तर जुना वर्गमित्र म्हणून सांभाळून घ्या.

आपल्या निधीतून शाळेसाठी काय करावं यासाठी समितीने मोबाइलवर सगळ्यांना एक फॉर्म पाठवला. चार पर्याय होते. ११८ जणांनी उत्तरं दिली. ७१ जणांनी कमान म्हटलं, ३२ जणांनी संगणक कक्ष, ११ जणांनी सभागृह आणि चौघांनी 'इतर'. आज दुपारच्या बैठकीत कमानीचा ठराव येणार आहे. समितीने मनापासून मेहनत केली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सरांनी आणि बाईंनी हा पेपर तपासला असता तर?

बाईंचा प्रश्न : कोण कोणास म्हणाले? ११८ माजी विद्यार्थी, बहुतेक मुंबई-पुण्यातले, एकमेकांना म्हणाले. शाळेत आज शिकणाऱ्या एकाही मुलाला किंवा मुलीला आपण विचारलं नाही. सरांचा प्रश्न : ७१ काय? ७१ जणांना गावात शिरताना अभिमान वाटेल असं काहीतरी दिसावं असं वाटतं. ही भावना चांगली आहे. पण ते शाळेच्या गरजेचं मोजमाप नाही. आणि पर्याय कोणी लिहिले? आपणच. जे यादीत नव्हतं ते कोणी निवडणार कसं?

म्हणून मी मेळाव्याच्या दोन दिवस आधी आलो आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेत बसलो. प्रश्नावली नेली नाही. नववी-दहावीच्या मुलींशी, शिक्षकांशी, शिपाईमामांशी नुसतं बोललो. पहिल्या दिवशी मुलींनी सांगितलं, सगळं छान आहे सर. पाहुण्याला असंच सांगतात, मोरीवरच्या साबणासारखं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना एक जण म्हणाली की दहावीचे जादा तास शाळा सुटल्यावर असतात आणि लांबच्या वाड्यांकडे जाणारी शेवटची गाडी त्याच वेळेला सुटते. गाडी पकडली तर तास जातो, तास केला तर अंधारात चालत जावं लागतं, आणि ते घरचे करू देत नाहीत. मग दुसरी म्हणाली, "आणि सर, जाणारा तास गणिताचाच असतो." मुली हसल्या. मला हसू आलं नाही.

ते ऐकल्यावर मी मोजलं. जादा तासांची हजेरी मागून घेतली. वाड्यांवरून येणाऱ्या मुलींची एकोणीस नावं आहेत. त्यांच्या रांगेत टिंबंच जास्त. हजेरीत त्याला कारण लिहिलेलं नाही. लिहायला रकानाच नाही.

दोन दिवसांच्या गप्पांवर मी मोठा निष्कर्ष काढणार नाही, नाहीतर माझे विद्यार्थी मला हसतील. कदाचित गाडी हे एकच कारण नसेल. कदाचित मुलांचंही तसंच असेल. म्हणूनच माझी विनंती एवढीच आहे : कमानीचा ठराव आज करू नका. तीन महिने थांबा. आधी सगळ्या वाड्यांतल्या पालकांशी आणि मुलांशी बोलू, नवं काही ऐकू येईनासं होईपर्यंत बोलू. मग त्यातून निघालेल्या गोष्टी सगळ्या वर्गांत मोजू. आणि जे काही करू, समजा संध्याकाळी एक गाडी भाड्याने लावली, तर आधीची हजेरी आणि नंतरची हजेरी शेजारी ठेवू. उपयोग झाला नाही तर कबूल करू आणि बंद करू. त्यानंतरही पैसे उरले तर कमान बांधू, पहिलं घमेलं मी उचलीन.

आता एकच गोष्ट राहिली. काल सकाळी मी बाजारात गेलो होतो. भाजी घेताना समोरची बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "काय रे, ओळखलं नाहीस?" पाचवी ते सातवी पहिल्या बाकावर बसायची ती. पाढे म्हणायला सर तिलाच उभं करायचे, तीसपर्यंत धाडधाड म्हणायची. सातवीनंतर दिसली नाही. आम्ही समजत होतो, घरची गरिबी असणार. मी विचारलं, "शाळा का सोडलीस गं?" म्हणाली, "सोडली कुठे? ओढ्यावर साकव नव्हता. पावसाळाभर येता यायचं नाही. आठवीच्या पावसाळ्यानंतर आले तर नाव कमी केलेलं. 'सतत गैरहजर' लिहिलं होतं." मग पिशवीत कोथिंबीर टाकत म्हणाली, "उद्या तुमचा कार्यक्रम आहे ना?"

'तुमचा' म्हणाली. 'आपला' नाही म्हणाली.

आणि तिचं बरोबर होतं. कारण आपण निमंत्रणांची यादी केली ती दहावीच्या निकालपत्रावरून. जे दहावीपर्यंत पोहोचले त्यांना बोलावलं. जे वाटेत गळले ते आपल्या यादीत नाहीत, आपल्या फॉर्ममध्ये नाहीत, म्हणून शाळेत काय कमी होतं याचं उत्तर आपल्या ११८ जणांत मिळणारच नाही. ते उत्तर ज्यांच्याकडे आहे ते या मंडपात नाहीत. १९९२ ला मी बंद घरं सोडून दिली होती. काल कळलं, ती चूक आपण सगळे मिळून पुन्हा करतो आहोत.

म्हणून समितीला दुसरी विनंती. पुढच्या मेळाव्याची यादी निकालपत्रावरून नको, जनरल रजिस्टरवरून करा. पाचवीला ज्यांनी ज्यांनी नाव घातलं, ते सगळे या शाळेचे माजी विद्यार्थी. रजिस्टर ऑफिसच्या कपाटात आहे, मी काल पाहिलं. नावं उतरवून काढायला दोन दिवस लागतील. मी थांबायला तयार आहे, सोबतीला कोणी दोघं या.

तिला मी आज यायला सांगितलं होतं. बाजाराचा दिवस आहे, जमणार नाही म्हणाली. पण साकवाचं सगळं मी लिहून घेतलं आहे, कोण कोणास म्हणाले यासकट. बाई, तपासून द्या.

साडेबाराला अजून पाच मिनिटं कमी आहेत.